तिसरी हद्दफेरी

सीडर ओढा, व्हर्जिनिया
१२ सप्टेंबर १७६७

जेनेट,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण त्याआधी सॅम्युएलला वाचून दाखव. त्याच्या भावाविषयी आहे.

ह्यू आजारी आहे. जुलैपासून पायांना सूज होती, ती आता पोटापर्यंत चढली. आडवा झाला की श्वास लागतो, म्हणून मक्याच्या सालपटांची गादी भिंतीला लावून त्याला बसवून ठेवते. खालच्या वस्तीवरची सुईण येऊन बघून गेली. म्हणाली, अंगात पाणी भरलंय, जुनिपरचा काढा द्या. काढा पितो आणि म्हणतो, देवानं हे झाड माणसाच्या पोटासाठी केलेलं नसावं. म्हणजे जीभ अजून शाबूत आहे.

सात वर्षांत मी तुला तीन पत्रं धाडली. एकाचंही उत्तर नाही. हे चौथं येर्ग गाडीवानाच्या हाती देते आहे, कारण तो जर्मन माणूस आहे आणि दुसऱ्याची पत्रं वाचण्याइतकं इंग्रजी त्याला येत नाही.

आता मुद्द्याचं. चर्चच्या पॅरिशचा हुकूम आलाय, मार्चमध्ये हद्दफेरी. तुमच्याकडे कॅरोलिनात ही रीत नाही म्हणे, म्हणून आठवण करून देते. चार वर्षांनी एकदा पंच येतात, शेजारीपाजारी जमतात, सगळे मिळून एकेकाच्या जमिनीच्या कडेकडेनं चालतात आणि हद्दीच्या झाडांवरच्या खाचा ताज्या करतात. एकाच खुणेवर तीन फेऱ्या झाल्या की ती हद्द कायमची, मग राजालाही ती हलवता येत नाही. आपल्या दोन घरांमधल्या हद्दीची ही तिसरी फेरी. पहिलीला सॅम्युएल भांडला, दुसरीला तो इथे नव्हताच. तिसरीही त्याच पांढऱ्या ओकापाशी झाली की झरा आमचा आणि तुमची तीनशे एकर कायमची कोरडी. पाण्यावाचून ती जमीन कोणी घेत नाही, हे तुम्हाला सात वर्षांत कळलं असेलच.

सॅम्युएलला अजून येता येईल. पंचांपुढे उभं राहून हरकत घेता येईल. आणि त्या निमित्तानं भावाला बघता येईल. तो विचारेल की वहिनीला ह्यात काय मिळतंय. सांग, तिला वाटलं म्हणून लिहिलं. एवढंच सांग.

ग्रिझल


सीडर ओढा
३० ऑक्टोबर १७६७

जेनेट,

येर्ग परवा आला. पत्र नाही आणलं, निरोप आणला. सॅम्युएल त्याला म्हणाला, "माझा भाऊ सात वर्षांपूर्वीच मेला. मेलेल्याची विचारपूस करायला तीनशे मैल कोण जातं?" येर्गला आडपडदा ठाऊक नाही. त्यानं निरोप जसाच्या तसा सांगितला आणि वर माझ्या हातची लापशी दोनदा मागून घेतली.

मी ह्यूला सांगितलं की नद्यांना पाणी आहे, सॅम्युएलला निघता येत नाही. ह्यूनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ऑक्टोबरात?" मग तोंड भिंतीकडे केलं. नदी कुठल्या महिन्यात किती चढते हे त्याला माझ्याहून जास्त कळतं.

तुझा त्याच्यावर राग आहे. असू दे. पण तो कसा माणूस आहे हे तू विसरली असलीस तर लिहिते, कारण ते सांगणारं इथे दुसरं कोणी उरलेलं नाही. पाद्रीबुवांनी एकदा त्याला मोठ्या आशेनं विचारलं होतं की प्रवचन कसं झालं. हा म्हणाला, "लांब झालं." मी त्याला चिमटा काढला तर म्हणाला, लांब झालंच होतं, मी काय करू. विकायच्या घोड्याचे दात तोच आधी उघडून दाखवायचा. आपली दोघी बहिणींची लग्नं पेन्सिल्व्हेनियात एकाच सकाळी उरकली, पाद्री वर्षातून एकदाच यायचा म्हणून. त्या दिवशी तुझ्या नवऱ्यानं तुला सांगितलं होतं की व्हर्जिनियात जमीन लोण्यासारखी आहे. माझ्यानं मला सांगितलं, दगड खूप आहेत, पण पाणी बरं आहे. आणि दगडच निघाले.

त्या दगडांतून त्यानं वीस वर्षांत चाळीस एकर मोकळी केली. आमची दोन मुलं त्यानं स्वतःच्या हातानं पुरली. माझ्याआधी सकाळी उठून चूल पेटवायचा, आणि हे कोणाला कळू नये असं त्याला वाटायचं. एकदा नांगराला दगडाची कुऱ्हाड लागली, गुळगुळीत, मुठीएवढी. आर्ची लहान होता, ती घेऊन शॉनी शॉनी खेळायला निघाला. ह्यूनं त्याच्या हातून काढून घेतली, बराच वेळ धरून बसला आणि म्हणाला, आपल्याआधी इथे कोणाची तरी हद्द असणार. मग ती होती तिथेच मातीत परत ठेवून आला. मी त्याला वेडा म्हटलं. शॉनी इंडियनांच्या धाडींत आपण काय काय गमावलं होतं, आणि हा त्यांच्या कुऱ्हाडी जपतोय.

हल्ली तो एकच गोष्ट घोकत असतो. पहिल्या फेरीला त्यानं पंचांपुढे बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं की मोजणीदाराचा ओक तो हाच. आता म्हणतो, "मला झाड आठवत नव्हतं, ग्रिझल. मला खाचा दिसल्या, म्हणून मी सांगितलं. सॅम्युएलला झाड आठवत होतं. त्याचं बरोबर असेल तर?" मी म्हणते, झोप. तो म्हणतो, देवापुढे हेच सांगू का, की झोपलो होतो?

सॅम्युएलला पुन्हा विचार. माझ्यासाठी नको, ह्यूसाठी विचार.

ग्रिझल


सीडर ओढा
१९ नोव्हेंबर १७६७

जेनेट,

हे आधी एकटी वाच.

काल मी ह्यूला एक गोष्ट सांगितली. आता तुला सांगते. दोघांनाही दहा वर्षांपूर्वी सांगायला हवी होती.

सत्तावनचा वसंत आठव. शॉनींच्या धाडी चालू होत्या, आपण सगळे डनलॅपच्या गढीत कोंडलेले, चाळीस माणसं आणि एक विहीर. दोघे भाऊ पहाऱ्याच्या तुकडीबरोबर डोंगरात. तू बाळंतीण, अंगात ताप, दूध आटलेलं. मक्याचं पीठ पिंपाच्या तळाला गेलेलं. मी रोज सकाळी कुऱ्हाड घेऊन बाहेर पडायचे आणि तू म्हणायचीस, जाऊ नको, तुझं काही झालं तर मी काय करू.

मी झऱ्याच्या अलीकडच्या रानात झाडं सोलत होते. बुंध्याभोवती वीतभर रुंद सालीचा पट्टा काढायचा, की झाड उभ्या उभ्या वाळतं, पानं गळतात, खाली ऊन पोचतं आणि बुंध्यांच्या मधून मका लावता येतो. अख्खी झाडं पाडायला माझ्यात ताकद नव्हती. दोन दिवसांत तीस सोलली. मान वर करत होते ती डोंगराकडे बघायला. समोरचं झाड कोणतं आहे इकडे माझं लक्षच नव्हतं. एका ओकावर शेवाळ दाट होतं. त्याचा पट्टा पूर्ण फिरवून ओढला आणि सालीच्या आत तीन आडव्या खाचांचे जुने वण दिसले. मोजणीदाराचा ओक होता तो, आपल्या दोन जमिनींच्या मधला. मी त्याला मारला होता.

हद्दीचं झाड मारणाऱ्याचं काय होतं हे तुला माहीत आहे. रविवारी सगळ्या मंडळींपुढे उभं राहायचं आणि पाद्रीनं शाप वाचायचे. मला त्याची भीती वाटली. ह्यूच्या तोंडाकडे बघायची त्याहून जास्त वाटली. त्याच संध्याकाळी मी दुसऱ्या एका पांढऱ्या ओकावर तीन खाचा मारल्या, त्यांवर राख आणि चिखल चोळला. अलीकडचे सगळे ओक मीच सोलले होते. जवळचा जिवंत ओक झऱ्याच्या पलीकडे होता, सत्तर पावलांवर. हेमंतात मूळचं झाड बाकीच्यांबरोबर जाळून टाकलं आणि तिथे नांगर फिरवला.

त्यामुळे झरा आमच्या बाजूला आला, हे मला दिसलं होतं का? दिसलं होतं. खोटं सांगत नाही. पण तेव्हा आपण दोघी एकाच वेळी पाण्याला जायचो, तू माझी बादली भरायचीस, मी तुझी. हद्द इथे गेली काय नि तिथे गेली काय, असं मला वाटलं. तो मका सोंगला तेव्हा त्यातला निम्मा तुला दिला. तुझं दूध पुन्हा आलं.

नंतर पहिली फेरी झाली. ह्यूनं खाचा पाहिल्या आणि पुस्तकावर हात ठेवला. सॅम्युएल सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्या तू मारल्यास. माझी पाठ वळल्यावर मारल्यास." ह्यूचं तोंड पांढरं पडलं. मी दहा हातांवर उभी होते. एक शब्द बोलायचा होता, तो बोलले नाही. त्या संध्याकाळी झऱ्यावर तू मला विचारलंस, "ग्रिझल, तुला ह्यातलं काही ठाऊक आहे का?" मी म्हटलं, नाही.

तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला चोर म्हटलं आणि मी म्हणू दिलं.

मी हे कधीच सांगितलं नसतं, जेनेट. पण काल ह्यू मला म्हणाला की त्यानं देवाच्या पुस्तकावर खोटी शपथ घेतली, आता त्याची खात्री झाली आहे, आणि मरायला त्याला भीती वाटते. ह्यूला, जो विकायच्या घोड्याचे दात उघडून दाखवतो. मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं.

त्यानं हातातला काढा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे खाचा तुझ्या."

मी म्हटलं, हो.

"नीट मारल्या होत्यास. मी फसलो त्या अर्थी नीटच." पुन्हा श्वास घ्यायला थांबला. "मी एक दिवस रागावलो असतो, ग्रिझल. फार तर दोन. त्याच्यासाठी तू माझा भाऊ..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. रात्री माझा हात मात्र त्यानं हातातून सोडला नाही, आणि मला तेच सोसवलं नाही.

आज सकाळी त्यानं आर्चीला हाक मारली आणि मला सांगितलं, ह्यालाही सांग. आर्ची आता एकोणीसचा आहे. गेल्या वर्षी त्यानं झऱ्याच्या गारव्यात दूध ठेवायला दगडी दूधघर बांधलं, लग्न करायचं मनात आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, मार्चपर्यंत गप्प बस. दहा वर्षं बसलीस ना. मार्च उलटला की कोणी विचारणार नाही." मग कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला. अजून आलेला नाही.

ग्रिझल


सीडर ओढा
९ डिसेंबर १७६७

जेनेट, सॅम्युएल,

ह्यू गुरुवारी सकाळी गेला. सूर्य दारातून आत येईपर्यंत होता. शेवटी त्याला त्रास झाला नाही. सॅम्युएल, हे तुझ्यासाठी लिहिते, कारण तू विचारणार नाहीस.

शपथेचं ओझं उतरल्यावर तो बराच मोकळा झाला होता. काढ्याला शिव्या घातल्या. आर्चीला नांगराच्या फाळाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. बुधवारी म्हणाला, "मला सॅम्युएलच्या जमिनीत पुरा. जुना ओक होता त्याच्या पलीकडं, चढावर."

आर्ची म्हणाला, "बाबा, ती जागा आपली आहे."

"नाही," ह्यू म्हणाला. "तुझ्या आईनं सांगितलं ना कुणाची ते. तिथं पुरा, म्हणजे सॅम्युएलला यावं लागेल. मला हाकलायला तरी येईल."

आर्ची माझ्याशी दोन आठवडे बोललेला नव्हता. पण खड्डा त्यानंच खणला, बापानं सांगितला तिथेच. जमीन गोठलेली होती, आधी वर शेकोटी पेटवून ती मऊ करावी लागली. पाद्री डोंगरापलीकडे गेलेले, म्हणून पॅट्रिक डनलॅपनं स्तोत्र वाचलं. त्याला चष्म्यातून धड दिसत नाही, दोन ओळी गाळल्या. शेजाऱ्यांनी व्हिस्की आणली, मक्याच्या भाकरी आणल्या, ह्यूबद्दल बरं बरं बोलले. इतक्या चढावर का पुरलंत, असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, त्याला पाणी दिसावं म्हणून. म्हणजे मी पुन्हा खोटं बोलले. ती सवय लवकर जात नाही.

घरात आता फार जागा झाली आहे.

ग्रिझल


सीडर ओढा
१० एप्रिल १७६८

जेनेट,

फेरी झाली. काय घडलं ते लिहिते, कारण त्यानं तुमची जमीन बदलली आहे.

मार्चच्या बावीस तारखेला पंच आले, डनलॅप आणि आणखी दोघं, मागे शेजारी पंधरा-वीस. बर्फ वितळत होतं, सगळ्यांचे जोडे चिखलानं जड झालेले. आर्ची पुढे, मी सगळ्यांच्या मागे. विधवा आहे म्हणून आली, असं त्यांना वाटलं. पांढऱ्या ओकापाशी पोचल्यावर डनलॅपनं रीतीप्रमाणे विचारलं, कोणाची हरकत? आणि खाचा ताज्या करायला कुऱ्हाड उचलली.

मी म्हटलं, माझी आहे.

आधी कोणाला कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, थोडक्यात. एक जण म्हणाला, नवरा गेल्यापासून बाईचं चित्त ठिकाणावर नाही. दुसऱ्यानं आर्चीच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, आईला घरी ने रे. डनलॅपही माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलला. म्हणाला, "मॅक्रिडीबाई, हातातला झरा कोणी देतं का? ह्यूनं शपथ घेतली होती. ह्यू खोटं बोलत नव्हता."

"नव्हताच," मी म्हटलं. "झाड कापून बघा."

तुला आठवत असेल, खाच मारली की झाड तिच्यावर दर वर्षी एक नवा थर चढवतं. खाचेपाशी चौकोनी ठोकळा कापून काढला की वरचे थर मोजता येतात, आणि खाच कोणत्या सालातली ते कळतं. मोजणी सेहेचाळीसच्या शेवटी झालेली. खाचा मोजणीदाराच्या असतील तर वर एकवीस थर हवेत. पण ठोकळा काढायचा म्हणजे हद्दीच्या झाडाला जखम करायची. कुऱ्हाड घ्यायला कोणी पुढे होईना.

मी आर्चीकडे बघितलं नाही. बघायचं धैर्य नव्हतं. तोच पुढे आला. डनलॅपच्या हातून कुऱ्हाड घेतली आणि म्हणाला, "माझ्या आईला वेडी म्हणू नका. ती खोटं बोलली असेल, वेडी नाही." आणि घाव घातला. बापासारखाच घालतो, खांदा न हलवता.

डनलॅपनं ठोकळ्याला थुंकी लावली, चाकूच्या टोकानं थर मोजले. मग दुसऱ्या पंचाला मोजायला दिले. अकरा. तिसऱ्यालाही दिले. अकराच. मग डनलॅपनं विचारलं, खरं झाड कुठे होतं, आणि मी चालायला लागले. सत्तर पावलं. नांगर तिथे नेहमी अडकतो, म्हणून जागा शोधावी लागली नाही. आर्चीनं खणलं. हातभर खाली जळकी मुळं आणि कोळसा निघाला. त्यांनी तिथे दगडांची रास केली, भोवतीच्या तीन झाडांवर नव्या खाचा मारल्या आणि वहीत लिहून घेतलं. झरा आता तुमच्या हद्दीत आहे. दूधघरही. आणि ह्यूही.

खाली उतरताना डनलॅप मला म्हणाला, "रविवारी काय करावं लागेल, माहीत आहे ना?" मी म्हटलं, दहा वर्षांपासून माहीत आहे.

दोन रविवार उभी राहिले. पाद्रीबुवांनी वाचायचं ते वाचलं. बायका गुडघ्यांकडे बघत होत्या. दुसऱ्या रविवारी माझे पाय दुखायला लागले. जेनेट, बाकी काही झालं नाही. बाहेर आल्यावर डनलॅपच्या सुनेनं मला अंडी दिली. हे लिहितानाही मला लाज वाटते. एवढ्याशाला घाबरून मी ह्यूचा भाऊ घालवला, आणि तुला घालवलं.

तुमच्या झऱ्याचं पाणी मी घेत नाही. खालच्या ओढ्यावरून आणते. आर्ची म्हणतो हा हट्ट आहे. असेल.

ग्रिझल


कॅरोलिना, तुझ्या घराच्या अलीकडच्या वळणावर
३ सप्टेंबर १७६८

जेनेट,

सॅम्युएलनं तुला अजून काही सांगितलं नसेल. मीच त्याला म्हटलं की आधी हे पत्र दे.

तो जुलैत आला. ना निरोप, ना हाक. मी ओढ्यावरून येत होते तर चढावर कोणीतरी दांडक्यांचं कुंपण घालताना दिसलं. डुकरं कबर उकरतील म्हणून घालत होता. मी बादल्या घेऊन तशीच उभी राहिले. त्यानं पाहिलं आणि काम चालू ठेवलं. दोन दिवस त्यानं स्वतःच्या पडक्या खोपटात काढले. आर्ची त्याला भाकरी नेऊन द्यायचा. काय बोललात, असं मी आर्चीला विचारलं. म्हणाला, काका कुंपणाबद्दल बोलले.

तिसऱ्या दिवशी दारात आला आणि म्हणाला, "वहिनी, भूक लागली आहे."

जेवताना तो खूप रडला. ते मी लिहीत बसत नाही, तुझा नवरा तुला माहीत आहे. झऱ्याचं त्यानं आणि आर्चीनं आपसांत ठरवलं. दूधघर आर्चीकडे राहील, वरची जमीन तुमचा धाकटा येऊन कसणार. मला त्यात कोणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग मी तुझ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, तू माझी पत्रं हातात घेत नाहीस. तो मोठ्यानं वाचतो आणि तू चरखा चालवत असतेस. सगळी पत्रं वाचून झाली, तू चरखा एकदाही थांबवला नाहीस. मी म्हटलं, मी केलं ते ऐकूनही नाही? तर त्यानं ताटातून मान वर केली.

"तिला ऐकायची काय गरज, वहिनी? ती पहिल्या फेरीच्या रात्रीच म्हणाली होती. ह्यू खोटं बोलणारा नाही, खाचा त्यानं मारलेल्या नाहीत. हे ग्रिझलचं काम आहे, ती कशाला तरी घाबरली असणार. मीच ऐकलं नाही. म्हटलं, बहिणीवर उगाच आळ घेतेस."

मी विचारलं, मग ती गप्प का राहिली?

"तुम्ही सांगाल म्हणून. मला उन्हाळाभर थांबवून घेतलं तिनं. मी ती विहीर खणली ना, तीस फूट, खडकात? मला पहिल्या दहा फुटांतच कळलं होतं की पाणी नाही. ती म्हणायची, अजून थोडं खण. अजून आठवडाभर थांब. ग्रिझल येईल."

जेनेट, त्या उन्हाळ्यात मी रोज त्या खणण्याचा आवाज ऐकत होते. तू खोपटाच्या दारात बसलेली असायचीस आणि मला वाटायचं, तू माझ्याकडे रागानं बघते आहेस. म्हणून मी लांबच्या वाटेनं जायचे.

ह्यूला मी फसवलं, त्याला निदान ते कळलं नव्हतं. तुला सगळं कळत होतं आणि तू वाट पाहत होतीस. मी आले नाही. तुम्ही गाडी भरलीत तेव्हाही आले नाही, दाराच्या फटीतून बघितलं.

म्हणून आता आले आहे. तीन आठवडे सॅम्युएलच्या गाडीत बसून माझी हाडं खिळखिळी झाली, आणि तो वाटभर स्तोत्रं बेसूर म्हणतो हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. गाडीच्या फळीवर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षर वाचता येईल एवढं बघ.

माफी मी ह्यात लिहीत नाही. मी तुझ्याशी तोंडानं खोटं बोलले होते, तर ते तोंडानंच म्हणायला हवं. तुला ऐकायचं नसेल तर सॅम्युएलजवळ सांग, तो मला परत सोडायला तयार आहे, त्याला बिचाऱ्याला सवय झाली आता. पण मी लगेच निघणार नाही. तू एक उन्हाळा थांबली होतीस.

मी वळणावर गाडीपाशी उभी आहे. तुझा चरखा इथवर ऐकू येतोय.

ग्रिझल